जैनथचा मॉनिटरवाला

भूषण मेथीचं बी घ्यायला आला होता, ही गोष्ट तशी खोटी होती. पण त्या दिवशी तो जे काही बोलला, त्यात सगळ्यात कमी खोटी हीच होती.

तेलंगणातल्या जैनथ गावी गुरांच्या सरकारी दवाखान्यात तो सहायक होता. बिथरलेला गोऱ्हा असो की लाथ झाडणारी म्हैस, त्यांच्यापुढं तो शांत उभा राहायचा. त्याला भीती वाटायची ती माणसांची. त्यातही चहा देणाऱ्या माणसांची. परक्या घरात कपबशी हातात आली की ती वाजायला लागे, आणि ती वाजते आहे हे सगळ्यांना ऐकू जातं आहे हे कळल्यावर जास्तच वाजे.

येत्या रविवारी तो आदिलाबादला केशवरावांची मुलगी पाहायला येणार होता. पण त्याच्या घरची रीत अशी, की मुलगी पाहायच्या आधी घर पाहून यायचं. गुपचूप. काका भगवंतराव यांनी त्याला सगळं समजावून दिलं होतं.

"कायतरी इकत घ्याचं निमित्त कर. आंगण झाडेल हाये का पाय. घरातले लोकं एकमेकाशी कसे बोलतेत ते आईक. अन् नाव सांगू नको, समजलं?"

काकांनी स्वतःच्या वेळी असंच जाऊन एक पितळी बादली विकत आणली होती. ती बादली अजून चांगली आहे, असं ते काकूंच्या देखत वारंवार सांगत.

केशवरावांचं दुकान बी-बियाण्याचं आणि भाज्यांच्या रोपांचं. पुढं दुकान, मागं घर. कापूस वेचणीचे दिवस होते. बाजार समितीकडं जाणाऱ्या ट्रॅक्टरांमधून उडालेला कापूस सगळ्या रस्त्याच्या कडेनं, तारांवर, बाभळींवर अडकून बसला होता. आभाळ मात्र भलतंच भरून आलेलं. भूषणनं मोटारसायकल दुकानापुढं लावली, मागच्या निळ्या डब्याची दोरी उगाचच तपासली, पिशवी खांद्याला अडकवली आणि पोत्यांपाशी जाऊन म्हणाला, "मेथी—"

तेवढ्यात आतून प्रयागबाई आल्या. केशवरावांची बायको. त्यांनी त्याच्या खांद्यावरची पिशवी पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आले का बापा एकदाचे! उद्या येतो, उद्या येतो म्हणून दुकानवाल्यानं जीव खाल्ला. चला, आत चला. मंजू! मॉनिटरवाले आले वं!"

"मी... मेथी—"

"मेथी मंग घ्या. पयले ते यंत्र पाहा. पोरगी जेवून नाई राह्यली त्याच्यापायी."

धीट माणूस इथं म्हणाला असता, "बाई, तो मी नव्हे." पण त्यावर बाईंनी विचारलं असतं, "मंग तुमी कोण?" आणि त्या प्रश्नाचं एकच उत्तर होतं, आणि त्या उत्तराच्या मागं काका, काकू, रविवार आणि सगळी सोयरीक उभी होती. भूषणनं गुमान चपला काढल्या.

अंगण झाडलेलं होतं. तेवढं त्यानं पाहून घेतलं.

त्या घरात, पुढं त्याला कळलं, भीतीची रीतसर वाटणी झालेली होती. केशवरावांकडं विजेची आणि तेलुगूतल्या सरकारी नोटिसांची भीती होती. ढग दिसला की ते घरातले सगळे प्लग उपटत, आणि नोटीस आली की ती न वाचता देवघरात ठेवत. प्रयागबाईंकडं नजर लागण्याचं खातं होतं. बाकी उरलेलं सगळं मुलीच्या वाट्याला आलं होतं.

ती खिडकीपाशी उभी होती. लिंबाच्या रंगाची ओढणी, तिचं टोक बोटाला गुंडाळलेलं. केसांत कुठून तरी उडून आलेला कापसाचा एक तंतू, तिला ठाऊक नसलेला. टेबलावर लॅपटॉप, आणि त्याच्या शेजारी विणलेल्या रुमालाखाली झाकलेला नवा मॉनिटर. एखाद्या घरात नवीन सून येऊन बसावी आणि कोणी तिच्याशी पहिलं बोलायचं हे ठरू नये, तसा.

"नमस्कार," मंजुषा म्हणाली. "तुमच्या पिशवीत स्क्रूड्रायवर हाये ना?"

पिशवीत कापूस होता, स्पिरिट होतं, दोन सिरिंज होत्या आणि खुरांना लावायचं मलम होतं.

"आमी... हातानंच करतो," भूषण म्हणाला.

त्यानं रुमाल उचलला. मॉनिटर काळा, चकचकीत, गप्प. अनोळखी जनावराजवळ समोरून जायचं नसतं, एवढं त्याला माहीत होतं. तो बाजूनं गेला. हळूच पाठीवर हात ठेवला. आणि सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "च्च... च्च... हो... हो बाळा..."

"कोणाशी बोलून राह्यले?"

"याच्याशीच." भूषणच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "नवं असते ना... बिचकते."

मंजुषा हसली. आणि लगेच तोंडावर हात ठेवला. जणू हसण्यानं काही जळालं असतं तर तिला बोल लागला असता.

"धूर नाई ना येऊन राह्यला?" दुकानातून केशवरावांचा आवाज आला.

"नाई बाबा!" मंजुषा ओरडली. मग हळूच म्हणाली, "ते मधामधात इचारतेत. तुमी मनावर घेऊ नका."

भूषणनं मनावर घेतलं होतं. आतापर्यंत धुराचा विचारच त्याच्या डोक्यात आला नव्हता.

"एक सांगू?" तिनं टेबलावरची पुस्तिका उचलली. ती इतकी चाळलेली होती की कडा मऊ पडल्या होत्या. "हे सगळं माह्यं पाठ हाये. कोणती वायर कुठं, कोणतं बटण कवा. पण वायर हातात घेतली का हात थरथरते. तुमी हात लावा, मी सांगते. चालन?"

चालेल का! भूषणला तिच्या पाया पडावंसं वाटलं. ज्याला काही येत नाही आणि जिला हात लावता येत नाही, अशा दोघांची गाठ पडायला नशीब लागतं. ते नशीब आणखी किती वेळ टिकेल, एवढाच प्रश्न होता. खरा मॉनिटरवाला कोणत्याही क्षणी दारात उभा राहू शकत होता. बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज झाला की भूषण मागच्या दाराकडं पाहत होता.

"पयले ही करंटची वायर," मंजुषा म्हणाली. "मागं लावा. मंग भिंतीत." आणि तिनं दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले.

त्यानं प्लग लावला. काही फुटलं नाही. कोपऱ्यात इवलासा दिवा लागला.

"लागला," तो म्हणाला. "उघडा डोळे."

"खरंच?" तिनं आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. त्याला त्या क्रमाचं का कोण जाणे, फार बरं वाटलं.

"आता ही चपटी वायर. एक टोक लॅपटॉपले, एक मॉनिटरले."

लावली. पडद्यावर एक छोटी चौकट उमटली. 'नो सिग्नल'. ती चौकट या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हिंडली, कोणाला शोधत असल्यासारखी, आणि मग सगळं काळं झालं.

दोघंही श्वास रोखून त्या काळेपणाकडं पाहत राहिले. त्यात दोघांचीही तोंडं दिसत होती. शेजारी शेजारी. दोघांच्या एकदमच ते लक्षात आलं, आणि दोघांनीही एकदमच दुसरीकडं पाहिलं.

"वायरची टोकं उलटी लावा," ती पुस्तिकेत बघून म्हणाली. लावली. "बाजूचं बटण दाबा." दाबलं. "लॅपटॉप बंद करून चालू करा." केलं. चौकट प्रत्येक वेळी आली, हिंडली आणि गेली.

"आता?" भूषणनं विचारलं. मॉनिटरवाल्यानं गिऱ्हाइकाला विचारायचा हा प्रश्न नव्हे, हे त्याला विचारल्यावर कळलं.

पण मंजुषाचं तिकडं लक्ष नव्हतं. ती खिडकीकडं तोंड करून उभी राहिली होती. बाहेर बारीक पाऊस सुरू झाला होता. तारेवरचा कापूस भिजून लोंबायला लागला होता.

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली. "माह्या हातून होतच नाई काई. मागच्या साली हैदराबादले गेलती नोकरीले. हापिसात लिफ्ट अडकली. उगी थोडा वेळ. सगळे हसत होते आतमधी, अन् मी... दुसऱ्या दिवशी बस पकडून वापस आली. गल्लीत सगळ्यायले मालूम हाये. लहान पोरं बी मले पाहून लिफ्ट लिफ्ट खेळतेत."

"मंग हे काम?"

"हे घरूनच हाये. तेलुगूतलं मराठीत करायचं, अन् दोन्ही बाजू-बाजूले ठेवून तपासायचं. म्हणून दोन पडदे लागतेत. सोमवारी सकाळी दोन्ही पडदे व्हिडिओ कॉलवर दाखवा म्हणले, नाई तर काम दुसरीले. अन्..." ती थांबली. ओढणीचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळलं. "अन् रविवारी जैनथचा एक पोरगा येऊन राह्यला मले पाहाले."

भूषणच्या हातातली वायर टेबलाखाली पडली. ती उचलायला तो खाली वाकला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ खालीच राहिला.

"कसा... हाये पोरगा?" टेबलाखालून त्यानं विचारलं.

"कोण पाह्यला! फोटोत फेटा अन् काळा चष्मा. बाकी काई हायेच नाई. गुरायचा डॉक्टर म्हणे. म्हणजे डॉक्टर बी नाई, त्याच्या खालचा."

"सहायक," टेबलाखालून आवाज आला.

"तुमाले काय मालूम?"

"असते... तसं पद असते."

"असन. तर मी ठरवलं हाये." ती वळली. तिचा आवाज बारीक होता, पण आता त्यात कंप नव्हता. "हे यंत्र चाललं तर त्या पोराले नाई म्हणन. नाई चाललं तर हो म्हणन."

"अन् चाललं तर... नाई काऊन?"

"त्याच्या घरचे म्हणतेत, पोरीनं कामबिम सोडा लागन. आमच्या बयनामावशीनं सांगतलं. मंग हे हातातलं काम सोडून काऊन जाऊ? अन् कामच नसलं तर... जाऊन म्हशी मोजत बसन. भेकड बाईले दुसरं काय?"

कामबिम सोडायचं हे वाक्य काकांचं होतं. काका ते म्हणाले तेव्हा भूषण समोरच बसला होता. त्याला ते पटलं नव्हतं. पण पटलं नाही असं म्हणायला भीती वाटली, म्हणून त्यानं पूर्ण वेळ खाली मान घालून भुईमूग सोलले होते. त्या शेंगा फिरून फिरून इथं आदिलाबादला पोचल्या होत्या.

"धूर?" दुकानातून आवाज आला.

"नाई बाबा," मंजुषा म्हणाली. या वेळी ओरडली नाही.

भूषण उठला. काहीतरी करायला हवं, म्हणून त्यानं मॉनिटर हळूच पुढं कलता केला, पिशवीतून टॉर्च काढला आणि जनावराचं तोंड उघडून पाहावं तसा मागच्या बाजूच्या भोकांत उजेड टाकला. चपटी वायर जिथं जाते, त्या भोकात काहीतरी लाल होतं. लाल आणि पिवळं. वाळून कडक झालेलं.

कुंकू. आणि हळद.

त्यानं टॉर्च विझवला.

मंजुषा पुन्हा खिडकीकडं पाहत होती. तिला काही दिसलं नाही, असं त्याला वाटलं. जगात या क्षणी त्या भोकातल्या कुंकवाची बातमी फक्त एका माणसाला होती, आणि तो माणूस रविवारी पाहुणा म्हणून येणार होता.

काही बोलायचं नाही, एवढंच करायचं होतं. त्यात तर तो पटाईत होता. 'बिघडलेलं आहे, परत पाठवा' म्हणायचं. परत जाईल, दुसरा येईल, तोवर सोमवार उलटून गेला असेल. रविवारी ती खाली मान घालून हो म्हणेल. माघात लग्न. ही लिंबाच्या रंगाची ओढणी त्याच्या घरच्या दोरीवर वाळत पडेल... भूषणला ते सगळं अगदी स्पष्ट दिसलं. आणि मग त्याला तिचं तोंडही दिसलं. त्या सगळ्या चित्रात ते कुठंच वर उचललेलं नव्हतं.

गुरांच्या बाजारात त्यानं असले लोक पाहिले होते. जनावराचं दुखणं साधं आहे हे ओळखतात, मालकाला सांगत नाहीत, आणि तोंड पाडून त्याच्याकडून स्वस्तात दावं सोडवून नेतात. अशांच्या सावलीलाही तो उभा राहत नसे.

त्याला भीती वाटत होती. परक्या माणसांची, काकांची, कपबशीची, सगळ्यांची मिळून वाटली नव्हती एवढी.  तरी त्यानं पिशवीतून कापूस काढला आणि स्पिरिटची बाटली काढली.

"याच्या तोंडात कुंकू कोण भरलं?" त्यानं विचारलं.

"कुंकू?" मंजुषा गर्रकन वळली.

दारात प्रयागबाई उभ्या होत्या, चहा घेऊन. "मी लावलं. काऊन? नवी चूल आणली का तिच्या तोंडाले लावतो, नवं जातं आणलं का त्याच्या तोंडाले लावतो. म्हणलं, याचं तोंड कुठं? समोर तर काच, मळन. मंग मागं पाह्यलं तर हे भोक. म्हणलं, याच तोंडानं खात असन. पाणी लावून चांगलं बसवलं, पडू नये म्हणून."

"आई!" मंजुषाच्या आवाजात रडणं आणि हसणं यांची मारामारी चालू होती.

"आई काय आई? नजर लागली असती मंग?"

भूषणनं आधी प्लग काढला. मग कापसाची बारीक वात वळून, स्पिरिटात भिजवून, जनावराचा कान साफ करावा तशी ती हळूहळू भोकात फिरवली. लाल होऊन आली. दुसरी वात केली. पिवळी होऊन आली. खोलीभर स्पिरिटचा उग्र वास पसरला. तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून भोकात फुंकर मारत राहिला. मंजुषा त्याच्या इतक्या जवळ येऊन वाकली होती की केसांतला कापसाचा तंतू त्याला नीट दिसत होता. त्याला तो काढावासा वाटला. त्यानं फुंकर मारण्यावर लक्ष ठेवलं.

वास उडून गेल्यावर त्यानं वायर लावली. प्लग लावला. मंजुषानं डोळे मिटले. प्रयागबाईंनी मिटले. भूषणनंही मिटले.

उघडले तेव्हा मॉनिटरवर झेंडूचा वाफा फुलला होता.

तो तिच्या लॅपटॉपवरचाच फोटो होता, पण केवढा मोठा! सगळ्या खोलीला पिवळा उजेड आला. मंजुषाच्या गालावर, टेबलावर, प्रयागबाईंच्या हातातल्या चहावर.

"चाललं," मंजुषा म्हणाली. मग आणखी हळू, "चाललं...!"

"चाललं," भूषण म्हणाला. त्या शब्दाचा त्याच्यापुरता अर्थ वेगळा होता.

"पण हे तर दोन्हीकडं एकच हाये. मले दोन येगळे पायजेत." ती पुस्तिका न बघता बोलत होती. "चार खिडक्यायचं ते बटण अन् पी, संगं दाबायचं. दाबा तुमी."

"नाई. हे तुमी दाबा."

"मी?"

"मी हाये ना इथं. काई झालं तर मले सांगा."

काही झालं असतं तर त्यानं काय केलं असतं, हे देवालाच ठाऊक. पण तिनं त्याच्याकडं पाहिलं. बराच वेळ. मग डोळे घट्ट मिटून दोन बोटं दाबली. मॉनिटर क्षणभर काळा झाला, आणि तिनं नकळत त्याच्या बाहीला धरलं... आणि मग उजेड परत आला.

ती माऊस सरकवायला लागली. छोटा पांढरा बाण लॅपटॉपच्या कडेपर्यंत गेला, तिथं अडखळल्यासारखा झाला, आणि पलीकडच्या पडद्यात निघून गेला. परत आला. परत गेला. तिनं तेलुगू इकडं ठेवलं, मराठी तिकडं. आपण कोणाची तरी बाही धरून आहोत हे तिला मग उमगलं. तिनं ती सोडली, पण एकदम नाही.

"तुमचं नावच नाई इचारलं मी," ती म्हणाली.

"माह्यं..."

"काकू!" दुकानातून एक तरणा आवाज आला. "मी करण. दुकानातून आलो. मॉनिटर बसवायचा होता ना?"

प्रयागबाईंनी दुकानाकडं पाहिलं. मग भूषणकडं पाहिलं. भूषण तिथं नव्हता. मागचं दार हलत होतं आणि अंगणातल्या झाडलेल्या मातीत अनवाणी पायांचे ठसे उमटले होते.

त्याला गल्लीला पूर्ण वळसा घालून, ओल्या पायांनी, दुकानापुढूनच मोटारसायकल न्यावी लागली. चपला त्याला सोडाव्या लागल्या. केशवराव गल्ल्यावरून त्याच्याकडं पाहत होते.

"मेथी राह्यली तुमची," ते म्हणाले.

रविवारी भूषण नव्या चपला घालून आला. सोबत भगवंतराव. ढग अजून हटलेले नव्हते. वाटभर त्यानं दोन वेळा पोट दुखतं म्हणून सांगून पाहिलं, पण काकांनी दोन्ही वेळा त्याला ओवा दिला.

उंबऱ्यात प्रयागबाईंनी त्याला पाहिलं आणि त्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"हे तं मॉनिटरवाले!"

"कोण मॉनिटरवाले?" भगवंतराव म्हणाले. "हा भूषण, आमचा पुतण्या. का रे? काय म्हणून राह्यल्या बाई?"

"मेथीवाले," केशवरावांनी दुरुस्त केलं.

एवढी शांतता पसरली की कपबशी हातात नसतानाही वाजल्यासारखी भूषणला ऐकू आली. मग ती खरोखरच हातात आली. मंजुषानं चहा दिला होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं की वाईट, हे त्याला ठरवता येईना.

भगवंतरावांनी गडबड ओळखून बोलणं ताब्यात घेतलं. शेत, पाऊस, कापूस झालं. मग ते मुद्द्यावर आले. "पोरगी काम करते म्हणे कम्प्युटरवर. ते काय, लग्नानंतर—"

"काका," भूषण म्हणाला.

कपबशी वाजत होती. सगळे त्या आवाजाकडं पाहत होते. त्यानं ती खाली ठेवली नाही. ठेवली असती तर हात रिकामे झाले असते, आणि रिकाम्या हातांनी तो पळाला असता.

"काका, काम राहीन. सोडायचं नाई. मी... मले तवाच सांगायचं होतं. शेंगा सोलत होतो म्हणून राह्यलं."

"कोणत्या शेंगा?" भगवंतराव म्हणाले.

"दोघायले बोलू द्या जरा," प्रयागबाई घाईनं म्हणाल्या. "आतमधी. दार उघडं ठेवून."

आतल्या खोलीत मॉनिटर काळा होता. ढग पाहून केशवरावांनी सगळ्या वायरी उपटल्या होत्या. त्या टेबलावरून लोंबत होत्या. टेबलावर त्याच्या जुन्या चपला होत्या. स्वच्छ धुतलेल्या, वर्तमानपत्रावर ठेवलेल्या. शेजारी कापसाच्या दोन वाती. एक लाल, एक पिवळी.

"मॉनिटरवाले स्पिरिट बाळगत नाईत," मंजुषा म्हणाली. "अन् गाडीवर लसीचा निळा डबा बी नाई ठेवत. करणले इचारलं मी."

"मी सांगणार होतो."

"कवा?"

"...नाई सांगणार होतो," भूषणनं कबूल केलं. "भ्यालो."

"टॉर्च लावला तवा तुमाले कुंकू दिसलं. मंग टॉर्च इझवला तुमी. मले काचेत दिसून राह्यलं होतं खिडकीच्या. बराच येळ उभे होते."

भूषणला बसायला जागा हवी होती. नव्हती.

"तुमी नसतं सांगतलं, तर मी आज हो म्हणली असती. हे तुमाले मालूम होतं."

"होतं."

"मंग पुसलं काऊन?"

त्यानं खूप विचार केला. पाहुण्या पोरानं बोलावीत अशी चांगली वाक्यं त्यानं वाटेत पाठ केली होती. त्यांतलं एकही जागेवर नव्हतं. "दुखणं लपवून म्हैस सोडवून नेणारे असतेत बाजारात," तो म्हणाला. "मी तसा नाई."

मंजुषाच्या भुवया वर गेल्या. "मी म्हैस?"

"नाई! म्हणजे... म्हैस चांगली असते. मी म्हशीले कवा वाईट... तुमी नाई... म्हणजे तुमी बी चांगल्या—"

ती हसली. या वेळी तोंडावर हात ठेवला नाही. बाहेरच्या खोलीतलं बोलणं एकदम थांबलं आणि कोणीतरी मुद्दाम खोकललं.

"तर मी ठरवलं होतं," ती म्हणाली, "यंत्र चाललं तर जैनथच्या पोराले नाई म्हणायचं. अन् यंत्र चाललं."

"हो." भूषणनं मान खाली घातली. हेच ऐकायला तो आला होता. त्यानं टेबलावरच्या चपला उचलल्या.

"ठेवा त्या."

त्यानं ठेवल्या.

"जैनथच्या पोराचं ठरलं होतं," मंजुषा हळूच म्हणाली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मॉनिटरवाल्याचं... काई ठरलं नव्हतं."

बाहेर ढग गुरगुरला. ती काय म्हणाली ते भूषणला कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यानं टेबलावरच्या चपला उगाच सरळ केल्या.

"आता गेली का भीती?" तिनं विचारलं.

"नाई. वाढली."

"काऊन?"

"तुमच्या घरी दोन पडदे. आमच्या घरी करंट जाते. काका हायेत. दारात म्हशी हायेत... अन् तुमी हो म्हणून राह्यल्या."

"मी बी भिऊन राह्यली," ती म्हणाली. "पाहा." तिनं हात पुढं केला. तो थरथरत होता. त्यानं आपला शेजारी धरला. तोही. दोघंही त्या दोन हातांकडं पाहत राहिले.

मग तिनं लोंबणारी वायर उचलली. त्यानं सवयीनं हात पुढं केला.

"तुमी नका," मंजुषा म्हणाली. "फक्त इथं उभे राहा."

चपटी वायर तिनं लॅपटॉपला लावली, मॉनिटरला लावली. मग करंटची मागं लावली. मग खाली वाकून दुसऱ्या टोकाचा प्लग भिंतीत. तिचा हात शेवटपर्यंत थरथरत होता. पण तिनं डोळे मिटले नाहीत. भूषणनं मिटले होते.

पिवळा उजेड पापण्यांवर आला तेव्हा त्यानं उघडले. झेंडूचा वाफा, आणि त्याच्यापुढं ती. केसांत आजही कापसाचा एक तंतू होता. त्यानं तो काढला.

"मंजू!" बाहेरून केशवरावांचा घाबरा आवाज आला. "धूर नाई ना येऊन राह्यला?"

 मंजुषा भूषणकडं पाहत होती, आणि वाट पाहत होती.

भूषणनं घसा खाकरला.

"नाई, बाबा," तो म्हणाला.

 बाहेर एक कपबशी वाजली. या वेळी केशवरावांच्या हातातली.